लॅपटॉप, जीपीएस रिसीव्हर आणि कोकणातले रस्ते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडीत लॅपटॉपला यूएसबी जीपीएस जोडून वाट शोधणारे, किंवा शोधावी का या विचारात असलेले लोक रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गात अजूनही भेटतात. त्यांचे नेहमीचे प्रश्न इथे आहेत. क्रमाने वाचायची गरज नाही.

हातात फोन असताना हा खटाटोप कशाला?

एकटेच पनवेलहून कणकवलीला निघाला असाल तर खरंच नको. फोन क्लिपला लावा आणि चला.

लॅपटॉप कामाचा ठरतो तो शेजारच्या सीटवर वाट सांगणारं माणूस बसलेलं असेल तेव्हा. फोनवर पुढचं वळण दिसतं. पंधरा इंची पडद्यावर मात्र अख्खी खाडी, तिच्या दोन्ही काठांवरची गावं, फेरीबोटीचा धक्का आणि मागचा घाट एकदम दिसतो. कोकणात निर्णय बहुतेक वेळा असेच असतात: खाडी ओलांडायची की वळसा घालायचा, महामार्गाला परत जायचं की सागरी मार्गानेच पुढे सरकायचं. असं ठरवायला मोठा नकाशा लागतो.

दुसरे गरजू म्हणजे ज्यांचं कामच आडरस्त्यांवर आहे. कलमांच्या बागा बघत फिरणारे, वाडीच्या नळपाणी योजनेची पाहणी करणारे, कातळशिल्पं शोधत सडे, म्हणजे कातळाची पठारं, तुडवणारे. यांना नकाशावर आपल्या स्वतःच्या खुणा हव्या असतात, फिरलेल्या वाटेची नोंद हवी असते, आणि ती संध्याकाळी घरी बसून नीट करायची असते. ते काम फोनवर करणं म्हणजे जीवाला त्रास.

लॅपटॉपमध्ये जीपीएस असतंच ना? ब्राउझरमध्ये माझा ठिपका दिसतो की.

बहुतेक लॅपटॉपमध्ये नसतं. सिमकार्डाची सोय असलेल्या काही ऑफिसच्या मॉडेलमध्ये मोडेमच्या कार्डावरच जीपीएस असतं, तेवढा अपवाद. ब्राउझरमधला ठिपका आसपासच्या वाय-फायच्या नावांवरून किंवा इंटरनेट कंपनीच्या पत्त्यावरून काढलेला अंदाज असतो. शहरात तो बरा जमतो. गुहागरच्या पुढे एखाद्या आगरात बसून पाहिलंत तर तुम्ही पुण्यात किंवा मुंबईत असल्याचं तो छातीठोकपणे सांगेल.

रेंज नसेल तर जीपीएस बंद पडतं का?

नाही. रिसीव्हर फक्त ऐकतो. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरचे उपग्रह सतत वेळ आणि आपली जागा सांगत असतात. त्यातले चार नीट ऐकू आले की तुमची जागा निघते. त्याला सिम लागत नाही, रिचार्ज लागत नाही. रेंज लागते ती नकाशा उतरवायला, आणि तो घरूनच उतरवून निघायचं असतं.

कुठला रिसीव्हर घ्यावा?

दोन प्रकार सर्रास मिळतात. एक, यू-ब्लॉक्स ७ किंवा ८ चिपचा: पेनड्राइव्हसारखा छोटा डोंगल, किंवा लोहचुंबकाची डबी आणि लांब वायर असलेला. दोन, ग्लोबलसॅटचा बीयू-३५३, काळी गोल डबी, तीही चुंबकाची. गाडीसाठी वायरवाला घ्या. डोंगल लॅपटॉपच्या कुशीत बसतो, तिथे आकाश दिसत नाही आणि लॅपटॉपचा स्वतःचा विद्युत गोंगाट बाजूलाच असतो.

यू-ब्लॉक्स ८ अमेरिकी जीपीएसबरोबर रशियाचं ग्लोनासही ऐकतो, त्यामुळे घाटात उपग्रह कमी पडत नाहीत. आपलं 'गगन'ही हे रिसीव्हर घेतात. विमानांसाठी इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने उभारलेली ही सुधारणा-यंत्रणा गाडीलाही फुकटात मिळते. उपग्रहांच्या यादीत ४० किंवा ४१ क्रमांक दिसला तर ते गगनचे. भारताची स्वतःची उपग्रह यंत्रणा 'नाविक' मात्र या स्वस्त रिसीव्हरना ऐकू येत नाही. त्याचे सुरुवातीचे उपग्रह वेगळ्या वारंवारितांवर बोलतात; जीपीएसच्या नेहमीच्या पट्ट्यावर बोलणारा पहिला नाविक उपग्रह, एनव्हीएस-०१, मे २०२३ मध्ये गेला. जाहिरातीत 'नाविक' लिहिलंय म्हणून जास्त पैसे देण्याआधी चिपचं नाव विचारा.

जोडला, दिवा लागला, पण नकाशावर काहीच येत नाही.

पाच गोष्टी या क्रमाने तपासा.

विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'पोर्ट्स'खाली नवा कॉम पोर्ट, म्हणजे रिसीव्हरची माहिती आत यायची वाट, आला का? आला नसेल तर ड्रायव्हर, म्हणजे उपकरणाची ओळख करून देणारा छोटा प्रोग्रॅम हवा. बीयू-३५३ मध्ये यूएसबीची जोडणी सांभाळणारी प्रोलिफिक कंपनीची चिप असते. जुन्या किंवा नकली प्रोलिफिक चिपला नवीन ड्रायव्हर दारातच अडवतो आणि 'कोड १०' दाखवतो. तसं असेल तर जुना ड्रायव्हर शोधत बसण्यापेक्षा रिसीव्हर बदललेला परवडतो.

पोर्ट आला, पण अक्षरांचा कचरा दिसतोय? बॉड रेट, म्हणजे अक्षरं पाठवायचा वेग, चुकला. बीयू-३५३ एस४ ४८०० वर बोलतो, यू-ब्लॉक्स ७ आणि ८ सहसा ९६०० वर. थेट यूएसबीच्या यू-ब्लॉक्सला या आकड्याने फरक पडत नाही.

विंडोजवर एका वेळी एकच प्रोग्रॅम कॉम पोर्ट धरू शकतो. तपासणीचा प्रोग्रॅम उघडा ठेवून नकाशाचा चालू केलात तर दुसरा उपाशी राहतो. लिनक्सवर जीपीएसडी नावाची सेवा मध्ये बसते आणि सगळ्यांना वाटून देते; या एका कारणासाठी जुना लॅपटॉप लिनक्सवर न्यावा असं माझं मत आहे.

अक्षरं नीट येतायत, पण 'फिक्स' नाही, म्हणजे जागा निघत नाही? आकाशाखाली जा आणि थांबा. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची अचूक माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगतो, म्हणजे थंड, नुकत्याच सुरू केलेल्या रिसीव्हरला किमान तेवढं तरी ऐकावं लागतं. बरेच दिवस बंद असेल तर आणखी वेळ लागतो. चालत्या गाडीत, झाडांखाली ही सुरुवात फार लांबते. गाडी अंगणात उभी असतानाच रिसीव्हर जागा करून ठेवा.

आणि शेवटचं: विंडोज स्वतःहून कॉम पोर्टवरची माहिती 'लोकेशन' म्हणून घेत नाही. त्यासाठी वेगळा सेन्सर ड्रायव्हर लागतो. नकाशाचा प्रोग्रॅम थेट पोर्ट वाचत असेल तर त्या भानगडीत पडू नका.

रिसीव्हर लावल्यापासून माऊसचा बाण पडद्यावर वेड्यासारखा नाचतोय.

लॅपटॉप बिघडलेला नाही, व्हायरसही नाही. रिसीव्हर पोर्टवर सतत अक्षरं पाठवतो आणि विंडोजला वाटतं की जुन्या पद्धतीचा सीरियल माऊस जोडलाय. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'माईस' या गटात 'सीरियल बॉलपॉइंट' नावाचं काहीतरी आलेलं दिसेल. ते अनइन्स्टॉल नका करू, डिसेबल करा. अनइन्स्टॉल केलेलं पुढच्या वेळी परत येतं.

सॉफ्टवेअर कुठलं?

पूर्वी विकत मिळणारे लॅपटॉपचे नॅव्हिगेशन प्रोग्रॅम जवळपास संपले. मायक्रोसॉफ्टचा स्ट्रीट्स अँड ट्रिप्स २०१४ मध्येच बंद झाला, तो भारतासाठी नव्हताही. आज उरलेले पर्याय ओपनस्ट्रीटमॅप, म्हणजे ओएसएम या स्वयंसेवकांनी काढलेल्या खुल्या नकाशावर उभे आहेत.

'नॅव्हिट' वळणावळणाला बोलून वाट सांगतं आणि पूर्ण ऑफलाइन चालतं. लिनक्सवर ठीक, विंडोजवर त्याचा सूर लागेपर्यंत संध्याकाळ जाते. त्याची सेटिंगची फाइल हाताने लिहावी लागते, तेव्हा धीर असेल तरच.

'क्यूजीआयएस' हा नकाशे बनवायचा फुकट प्रोग्रॅम बोलत नाही, वळणं सांगत नाही. पण माझी शिफारस त्यालाच. जीपीएसचं पॅनेल उघडून पोर्ट जोडला की ठिपका नकाशावर चालू लागतो, नकाशा त्याच्या मागे सरकतो, वाट नोंदली जाते. खाली ओएसएमचे रस्ते, वर तुमच्या बागांच्या हद्दी, त्यावर विहिरी आणि पाण्याच्या टाक्या. सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० प्रमाणाचे ओपन सिरीज नकाशेही त्यात बसवता येतात. जुन्या पायवाटा आणि ओढे त्यात फार चांगले काढलेले आहेत. वाट सांगणारं माणूस शेजारी बसलेलं असेल तर बोलणाऱ्या बाईची गरज पडत नाही.

ओएसएमचा डेटा जिओफॅब्रिकच्या साइटवरून पश्चिम भारताचा तुकडा म्हणून उतरवता येतो. ओएसएमच्या सर्व्हरवरून नकाशाची चित्रं घाऊक उतरवणं त्यांच्या नियमात बसत नाही, आणि ते अडवतातही.

लॅपटॉपवर गुगल मॅप्स ऑफलाइन?

नाही. ती सोय फोनच्या अॅपमध्ये आहे. लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये ना ऑफलाइन, ना वळणाला बोलणं.

फोनचंच जीपीएस लॅपटॉपला देता येईल का?

येतं. फोनवरचा ठिकाणा हॉटस्पॉटवरून किंवा ब्लूटूथवरून लॅपटॉपला पाठवणारी अॅप्स आहेत, आणि लिनक्सवरचं जीपीएसडी ते घेतं. एखाद्या दिवसासाठी छान. रोजच्या कामाला नको: फोन तापतो, बॅटरी जाते, आणि कुणाचा कॉल आला की हमखास काहीतरी बिनसतं.

रिसीव्हर गाडीत कुठे ठेवायचा?

टपावर, मधोमध. चुंबक त्यासाठीच आहे. वायर मागच्या दाराच्या रबरामधून आत घ्या, पुढच्या दारातून घेतली तर ती रोज चेपते. टप नको असेल तर पुढच्या काचेखाली डॅशबोर्डवर. मात्र उष्णता अडवणारी धातूयुक्त फिल्म काचेला असेल तर तीच सिग्नलही अडवते.

पावसाळ्यात टपावर ठेवाल तर वायरला खाली एक झोळ सोडा, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल, आत येणार नाही.

पावसात, घाटात, बोगद्यात काय होतं?

पाऊस कितीही कोसळो, जीपीएसच्या लहरींना त्याचं फारसं काही वाटत नाही. अडवतात ती भिजलेली झाडं. आंबोलीच्या दाट झाडीत किंवा नारळी-पोफळीच्या आगरातून जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर ठिपका थोडा भरकटतो. कातळाच्या सड्यावर मात्र आकाश मोकळं असतं. तिथे साधा रिसीव्हरही तीन ते पाच मीटरच्या आत राहतो.

घाटात त्रास वेगळा. एका बाजूला उभा कडा असला की अर्धं आकाश झाकलं जातं आणि कड्यावर आपटून आलेले सिग्नल रिसीव्हरला फसवतात. कुंभार्ली किंवा वरंध घाटात रस्ता स्वतःच्याच डोक्यावरून वळतो, आणि ठिपका वरच्या वळणावर उडी मारून परत खाली येतो. एचडीओपी नावाचा आकडा बघत राहा, उपग्रहांच्या मांडणीमुळे जागा किती चुकू शकते ते तो सांगतो: दोनच्या खाली असेल तर विश्वास ठेवा, पाचच्या वर गेला तर खिडकीबाहेर बघा.

बोगद्यात काहीच मिळत नाही. कशेडीचे नवे बोगदे सुमारे दोन किलोमीटरचे आहेत. आत शिरताना ठिपका थिजतो आणि बाहेर आल्यावर काही सेकंदांत सावरतो. आत वळायला जागाच नसल्याने बिघडत काही नाही. गंमत जुन्या नकाशांची आहे: त्यांना बोगदा माहीत नसतो, आणि ते तुम्हाला अजून घाटानेच न्यायला बघतात.

माझा ठिपका भर समुद्रात दिसतो!

आकडे वाचण्यात घोटाळा आहे. रिसीव्हर अंश आणि मिनिटं चिकटवून पाठवतो. रत्नागिरीत तो अक्षांश १६५९.४० आणि रेखांश ०७३१८.०० असा लिहील. म्हणजे १६ अंश ५९.४० मिनिटं आणि ७३ अंश १८ मिनिटं. मिनिटांना ६० ने भागायचं, की १६.९९ आणि ७३.३० मिळतात. न भागता नुसता दशांशचिन्ह सरकवून १६.५९४ आणि ७३.१८ केलंत, तर तुम्ही ४४ किलोमीटर दक्षिणेला आणि १२-१३ किलोमीटर पश्चिमेला जाता. ते ठिकाण विजयदुर्गच्या बाहेर पाण्यात आहे.

अक्षांश-रेखांशांची अदलाबदल केली तर नॉर्वेच्या उत्तरेच्या समुद्रात पोचाल. निदान ते लगेच लक्षात येतं.

समुद्रकिनाऱ्यावर उंची उणे दाखवतो.

काही प्रोग्रॅम उंची पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजतात. आपल्या किनाऱ्यावर खरी समुद्रपातळी त्या आकाराच्या पन्नास मीटरहून अधिक खाली आहे, म्हणून मुरुडच्या पुळणीवर उभे राहूनही तुम्ही पाण्याखाली दिसता. रिसीव्हर हा फरकही पाठवतो. सेटिंगमध्ये 'समुद्रसपाटीपासून' निवडा.

नकाशाने मला पाखाडीवर, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेवर नेऊन सोडलं. दोष जीपीएसचा ना?

जीपीएसने तुम्ही कुठे आहात तेवढंच सांगितलं, आणि ते बरोबरच सांगितलं. तिथे रस्ता आहे, हे नकाशाने सांगितलं. आणि कोकणातला नकाशा नेमका इथेच फसतो.

आपल्या गावांची रचनाच अशी आहे की एका वाडीतून दुसरीत जायचा सर्वात जवळचा मार्ग गाडीचा नसतो. जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी असते, पऱ्यावरचा साकव असतो, नाहीतर दोन गडग्यांमधली पाणंद. वरून घेतलेल्या छायाचित्रात पाखाडी आणि बारीक रस्ता सारखेच दिसतात. दूर कुठेतरी बसलेल्या माणसाने छायाचित्र बघून रेघ ओढली, तिला 'रस्ता' म्हटलं, आणि यंत्राला ती रेघ वळशाच्या रस्त्यापेक्षा चार किलोमीटरने जवळची वाटली. झाडांच्या छत्राखालचे खरे डांबरी रस्ते मात्र छायाचित्रात दिसतच नाहीत, म्हणून ते नकाशात नसतात.

याशिवाय नावांचा घोळ. 'बौद्धवाडी', 'मधलीवाडी', 'खालची वाडी', 'गुरववाडी' प्रत्येक गावात असतात. नुसतं वाडीचं नाव टाकून शोधलंत तर यंत्र कुठल्या तरी तालुक्यातली काढून देईल. महसुली गावाचं नाव टाका, मग वाडी नकाशावर डोळ्याने शोधा.

उपाय म्हणून तीन सवयी. यंत्राने सुचवलेला रस्ता निघण्याआधी मोठा करून पाहा. खुणेत पायऱ्या किंवा पायवाट असेल तर ती वगळा. 'सर्वात जवळचा' ऐवजी 'सर्वात लवकरचा' मार्ग निवडा. आणि एसटीचा थांबा बघा: जिथे वस्तीची गाडी जाते तिथे तुमची जाणारच. तरीही शंका असेल तर टपरीवर विचारा, पण 'रस्ता जातो का?' असं विचारू नका. जातो म्हणतील, कारण ते चालत जातात. 'टेम्पो जातो का?' असं विचारा.

फेरीबोटीचं काय? नकाशा सरळ खाडीतून नेतो.

नेतो, कारण तिथे फेरी आहे. दाभोळ–धोपावे, वेश्वी–बागमांडला, जयगड–तवसाळ, आगरदांडा–दिघी या फेऱ्या ओएसएममध्ये पाण्यावरच्या रेघा आहेत. यंत्राला शेवटची बोट कधी सुटते ते ठाऊक नसतं, रांगेत पुढे किती गाड्या आहेत ते ठाऊक नसतं, पावसाळ्यात समुद्र खवळला की फेरी बंद राहते तेही ठाऊक नसतं. दाभोळहून समोरचं धोपावे दिसतं; फेरी चुकली तर तिथे पोचायला चिपळूणकडून शंभर किलोमीटरच्या आसपास वळसा पडतो. म्हणून सूर्यास्तानंतर 'फेरी टाळा' लावूनही एकदा मार्ग काढून पाहा, आणि दोन वेळांमधला फरक डोक्यात ठेवा.

लॅपटॉपला वीज कुठून द्यायची?

लॅपटॉप टाइप-सी चार्जिंगवाला असेल तर ६५ वॅट किंवा त्याहून मोठा 'पीडी' (पॉवर डिलिव्हरी) लिहिलेला कार चार्जर घ्या आणि विषय संपवा. गोल पिनेचा जुना असेल तर त्याच व्होल्टेजचा कार अॅडॉप्टर. इन्व्हर्टर शेवटचा पर्याय: १२ व्होल्टचे २३० करायचे आणि लगेच परत १९ करायचे, दोन्हीकडे उष्णता. सिगारेट लायटरच्या सॉकेटचा फ्यूज सहसा १० ते १५ अँपिअरचा असतो, म्हणजे १२० ते १८० वॅट. तिथेच फोन, फ्रिजची पेटी आणि हवा भरायचा पंप लावू नका.

फेरीच्या रांगेत इंजिन बंद असताना चार्जर काढा. लॅपटॉपची स्वतःची बॅटरी तेवढ्यासाठी पुरते, गाडीची पुढे लागते.

लॅपटॉप ठेवायचा कुठे? पोलीस अडवतील का?

वाट सांगणाऱ्याच्या मांडीवर, खाली एक पातळ फळी. डॅशबोर्डवर कधीच नाही. एअरबॅग उघडली तर तो लॅपटॉप तोंडावर येतो. चालवणाऱ्याला पडदा दिसू नये असाच बसा. मोटार वाहन नियमांत ऑक्टोबर २०२० पासून हातातलं उपकरण फक्त वाट पाहण्यासाठी, आणि लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने वापरायला मुभा आहे. चालकाच्या नजरेसमोर भलामोठा लॅपटॉप ठेवून त्या मुभेचा अर्थ ताणायला जाऊ नका.

हार्ड डिस्कचा लॅपटॉप खड्ड्यांत टिकत नाही, एसएसडी हवी. एसीच्या गारव्यातून लॅपटॉप एकदम बंदरावरच्या दमट हवेत काढला की त्यावर दव धरतं, आणि ते खाऱ्या हवेतलं. बॅगेत थोडा वेळ राहू द्या.

गणपतीच्या गर्दीत उपयोग?

ऑफलाइन नकाशाला वाहतूक कळत नाही. चाकरमान्यांच्या रांगा बघायला फोनच लागतो. लॅपटॉप पुढच्या टप्प्याला येतो: फोनने माणगावला लाल रेघ दाखवली की मागे वळून कुठल्या घाटाने उतरता येईल ते मोठ्या नकाशावर शांतपणे बघता येतं. वरंध घाट धरण्याआधी मात्र तो चालू आहे का ते विचारून घ्या, पावसाळ्यात तो अनेकदा बंद असतो.

रिसीव्हरला परवाना लागतो का?

नुसतं ऐकणाऱ्या जीपीएसला नाही. उपग्रहावरून संदेश पाठवणारी उपकरणं, म्हणजे थुराया-इरिडियमचे फोन किंवा गार्मिनचं इनरीच, ही वेगळी जात आहे. ती परवानगीशिवाय बाळगणं भारतात गुन्हा आहे. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांना आधीच सांगा.

हाच संच होडीवर चालेल?

रिसीव्हर तोच, सॉफ्टवेअर 'ओपनसीपीएन'. पण रस्त्याच्या नकाशावर खडक आणि खोली नसते. समुद्राचे अधिकृत तक्ते देहरादूनचं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय काढतं. ते नसतील तर लॅपटॉपपेक्षा तांडेलाचं ऐका.

नोंदलेल्या वाटेचं पुढे काय करू?

ओएसएमला द्या. वाट जीपीएक्स या जीपीएस नोंदींच्या फाइलमध्ये काढा, ओएसएम संपादनाच्या जोसम या प्रोग्रॅममध्ये उघडा आणि तिच्यावरून रस्ता काढा: डांबरी की मातीचा, पावसात बंद होतो का, पुढे साकव आहे का. वाडीचं नाव देवनागरीत लिहा. गुगलच्या नकाशावरून बघून काही उतरवू नका, ओएसएमला ते चालत नाही. घरातून निघतानाचा आणि पोचतानाचा तुकडा कापूनच फाइल चढवा.

जुना रिसीव्हर जागा बरोबर दाखवतो, पण तारीख जवळपास वीस वर्षं मागची. फेकू का?

नको. जीपीएस आठवडे मोजतं आणि १०२४ झाले की पुन्हा शून्यापासून सुरू करतं. ६ एप्रिल २०१९ च्या रात्री असंच झालं, आणि जुन्या चिप गोंधळल्या. वाट दाखवायला त्याने काही अडत नाही. नोंदींच्या तारखा मात्र चुकतात, त्या घरी आल्यावर १०२४ आठवडे मिळवून दुरुस्त करा.